लेओलेओची बारा मिनिटं

मांगेरे, ऑकलंड
११ मार्च २०१८, रविवार

सेतेफानो, बाळा,

चर्चच्या बायका गुरुवारच्या विमानानं निघाल्यात, त्यांच्या हाती हे पत्र आणि बिस्किटांचे दोन डबे देतेय. डबे फुटलेले मिळाले तर त्यातल्या जाड बाईला विचार, मी नाव लिहीत नाही.

तू म्हणशील, आत्यानं तीस वर्षं कॉम्प्युटरांत काढली आणि आता कागदावर काय लिहीत बसलीय! अरे, तीस वर्षं काढली म्हणूनच लिहिते. त्यातून काय जातं आणि कोण वाचतं, ते मला पुरतं ठाऊक आहे. जाडी बाई निदान पाकीट फोडत तरी नाही.

जानेवारीत तू वेलिंग्टन सोडून आपल्या वाइमोआत आलास, रेडिओ स्टेशनात माझ्या खुर्चीवर बसलास, आणि दोन महिन्यांत एक ओळ नाही. शोभतं का? तुझा बाप माझा चुलतभाऊ, तोही असाच घुम्या होता. पाच वर्षांपूर्वी मी निघाले तेव्हापासून त्या खुर्चीवर दोन जण बसून गेले, पण दोघं परके होते, त्यांना पत्र लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. तू घरचा आहेस.

तर सांग. घरापुढचं फणसासारखं ते मोठं उलूचं झाड आहे ना? माझ्या घरधन्याच्या, फालानीकोच्या, थडग्यावर कोंबड्या तर बसत नाहीत? आणि यंत्रांची खोली कशी आहे? लेओलेओ नीट चालतो ना? मी लिहिलेल्या त्या राखणदार प्रोग्रॅमला पोटच्या पोरासारखं वाढवलंय. दिसत नाही, बोलत नाही, मागे बसून दर मिनिटाला रॅकमधल्या एकेका सर्व्हरची नाडी बघतो. तापला की पंखा वाढवतो, फारच तापला की त्याला झोपवतो. त्याला विचारल्याशिवाय, म्हणजे मला विचारल्याशिवाय, हात लावू नकोस.

गेल्या मंगळवारी तिथे काही झालं का? सहज विचारतेय. म्हातारीला स्वप्न पडलं असं समज.

तुझी
मोएलांगी आत्या


वाइमोआ, सवाई, सामोआ
२७ मार्च २०१८

प्रिय मोएलांगी आत्या,

बिस्किटं मिळाली. एक डबा पूर्ण होता. दुसऱ्याबद्दल मी काही बोलत नाही.

पत्र लिहिलं नाही त्याची माफी मागतो. माझ्या लेखी भाषेवर बायको हसते, म्हणून धीर होत नव्हता. उलूचं झाड आहे आणि फळांनी लगडलंय. थडग्यावर कोंबड्या बसतात, पण मी हाकलतो.

पण आत्या, तुमची स्वप्नं फार अचूक आहेत! मंगळवारी, सहा तारखेला, मी खरंच लेओलेओला हात लावला. रागावू नका, आधी ऐका.

आल्यापासून मी रोजच्या तापमानाचा आलेख बघतोय. दिवसभर सगळं ठीक. आणि संध्याकाळी साडेसहा वाजले की सगळ्या रॅकचे पंखे एकदम खाली! बारा मिनिटं जणू कोणी त्यांचा गळा धरून ठेवतं. तापमान चढत जातं, मग पंखे पुन्हा सुटतात. रोज! रविवारीसुद्धा! आधीच्या दोघांनी बघून सोडून दिलं असणार. मी आठ दिवस शोधलं. आधी वीज बघितली, मग पंखे, मग तारा. शेवटी सापडलं ते लेओलेओच्या पोटातच. चाळीसेक ओळींचा गठ्ठा. हे का आहे याची एका शब्दाचीही नोंद वर नाही. तुमच्या हातून इतकी मोठी चूक राहून गेली, याचं मला नवल वाटलं, पण माणूस आहे, होतं. मी तो सगळा गठ्ठा काढून टाकला. आता आलेख सरळ रेषेत चालतो. मेमध्ये राजधानीतून तपासनीस येणार आहे, त्याच्यापुढे मान खाली घालायला नको.

एक विचारायचं होतं. गावात माझं काय चुकलंय का? पाद्रीणबाई पूर्वी हाक मारून नारळाच्या दुधातले पाव द्यायच्या, आता दार लावून घेतात. चावडीतली वडीलमंडळी माझ्याकडे बघून हसतात, आणि ते हसणं काही बरं वाटत नाही. कोणी काही बोलत मात्र नाही. मी परदेशात वाढलेला, मला आपल्या लोकांचं न बोललेलं कळत नाही.

रग्बीच्या पोरांबरोबर पत्र आणि कोको पाठवतोय.

तुमचा
सेतेफानो


मांगेरे
८ एप्रिल

सेतेफानो,

अरे देवा. अरे देवा रे देवा! तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात खुर्ची धरून बसले. सून विचारते, कोण गेलं? म्हटलं, कोणी नाही, पण गावातली माझी अब्रू गेली.

मला एक सांग, शहाण्या, साडेसहाला तू कुठे असतोस? घरी. सासऱ्याच्या घरी चटईवर मांडी घालून, डोळे मिटून. शंख वाजला की रस्त्यावरचं माणूस आहे तिथे थांबतं, पोरं पळत घरात जातात, आणि सगळं गाव संध्याकाळच्या प्रार्थनेची 'सा' पाळतं. मग त्या वेळी यंत्रांच्या खोलीत कोण असणार? कोणी नाही! त्या बारा मिनिटांत पंखे काय करतात, हे इतक्या वर्षांत एकाही माणसानं डोळ्यांनी बघितलेलं नाही. तुला आलेख दिसला, पण घड्याळ दिसलं नाही.

आता ऐक. ती खोली कुठे आहे? एका बाजूला पाद्रीबुवांचं घर, दुसऱ्या बाजूला रेडिओवर बोलायचा कक्ष, आणि दोन्हीकडे पातळ भिंत. जुन्या टेपा, सरदारांची भाषणं, आपल्या आज्यांची गाणी यंत्रात भरायची ठरली आणि पहिले रॅक आले. त्या संध्याकाळी शंख वाजला, गाव गप्प झालं, आणि त्या शांततेत आमचे पंखे घुंऽऽ! पाद्रीबुवा प्रार्थना सांगताहेत आणि कोणाला एक अक्षर ऐकू येईना. रेडिओच्या माइकमध्येही तो आवाज शिरला. पलीकडच्या बेटावरून लोक निरोप धाडायला लागले, तुमच्याकडे पाऊस फार लागलाय का? आठवड्यानं चावडीनं आम्हाला बोलावलं. सा मोडल्याचा दंड, एक डुक्कर आणि मासळीच्या डब्यांची दहा खोकी. मी स्टेशनात नोकरीला, पण डुक्कर माझ्या घरचं गेलं. फालानीको म्हणाला, “मोए, पंखे बंद कर.” म्हटलं, “सर्व्हर जळतील.” तर म्हणाला, “मग त्यांना आधी गार पाणी पाज, म्हणजे प्रार्थनेत तहान लागणार नाही.”

यंत्रातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तो फाटकावरचा पहारेकरी. पण तोडगा त्याचाच. सहा वाजून दहाला लेओलेओ पंखे जोरात सोडतो, खोली गारठवून ठेवतो, आणि शंखाच्या वेळी हळू करतो. बारा मिनिटांत तापमान चढतं, पण धोक्याच्या रेषेपर्यंत कधी पोचत नाही. आलेखात नीट बघ, चढण्याआधी उतरलेलं दिसेल. त्याला चूक म्हणतोस? बाळा, ती रीतभात आहे. माणसाला असते तशी यंत्राला शिकवलेली.

नोंद लिहिली नाही, हे मात्र माझं चुकलं. घरात कोणी पाटी लावतं का, की हे दार आहे? सगळ्या गावाला ठाऊक होतं. तू बाहेरून येशील हे मला कुठे माहीत!

तो गठ्ठा होता तसा परत बसव. सगळा. खालच्या ओळींसकट. आणि पाद्रीणबाईंकडे जाऊन डोकं टेकव.

आत्या


वाइमोआ
२९ एप्रिल

आत्या,

तुमचं पत्र यायच्या दोन दिवस आधीच चावडीनं बोलावलं. दंड तोच. डुक्कर आणि खोकी. सासरे घरी आल्यावर इतकं हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, “मोएलांगीच्या खुर्चीचा हा दस्तूरच दिसतो!”

गठ्ठा परत बसवला. पहिल्या संध्याकाळी मी परवानगी काढून खोलीतच बसलो. पंखे आधी वर गेले. मग शंख वाजला आणि एकेक रॅक खाली आला, आणि भिंतीपलीकडून पाद्रीबुवांचा आवाज शब्दन्‌शब्द ऐकू आला. आत्या, मी यंत्रांच्या खोल्यांत वीस वर्षं काढली आहेत. असं मी कुठे बघितलं नव्हतं. डोळे मिटायचे विसरलो. दुसऱ्या दिवशी पाव मिळाले.

पण आता खरी अडचण ऐका. ती मी कोणाला सांगितलेली नाही.

गठ्ठ्याच्या तळाच्या ओळी मी आधी वाचल्याच नव्हत्या. आता वाचल्या. बारा मिनिटं संपली की लेओलेओ एक निरोप बाहेर पाठवतो. स्टेशनाबाहेर. देशाबाहेर! न्यूझीलंडच्या एका फोनवर. रोज. लिहिलेलं असतं एवढंच, “सगळं थंड आहे. ये जेवायला.”

ही कसली खूण आहे? कोणासाठी? तपासनिसाला हे दिसलं तर तो म्हणेल, या यंत्राला कोणीतरी चोरदार ठेवलंय, आणि मदत देणारे लोक उद्या हात आखडतील. या ठेव्यात सगळ्या बेटाच्या आठवणी आहेत, हे मी तुम्हाला काय सांगणार! एवढ्या ओळी मी बंद ठेवल्यात. मग त्या क्रमांकावर फोन लावला. कोणीतरी उचलला. मी तीनदा विचारलं, कोण बोलतंय? उत्तर नाही. मागे टीव्ही चालू होता आणि एक मूल हसत होतं. मग फोन ठेवला गेला.

आधीच्या दोघांपैकी कोणी हे केलं असेल का? तुम्हाला कोणाचा संशय येतो? चोर सापडला तर मी त्याला सोडणार नाही.

सेतेफानो


मांगेरे
१० मे

बाळा सेतेफानो,

चोर सापडला. टीव्ही माझा, हसणारं मूल माझी नात लुपे, आणि फोन धरून मुकी झालेली बाई मीच. तुझा आवाज ओळखला आणि तोंडातून शब्द फुटेना. या वयात लपवाछपवी करताना पकडलं जावं! लाज वाटली, खरं सांगते.

खोटं बोलून झालंय, आता सगळं सांगते.

फालानीको संध्याकाळी फाटक लावून खोलीत डोकावायचा. मला सा संपल्यावर घरी यायला उशीर व्हायचा, कारण पंखे परत वर चढतात की नाही ते बघायला मी धावत जायची. तो दारात उभा राहून हात आत घालायचा, हवा बघायचा आणि म्हणायचा, “सगळं थंड आहे. ये जेवायला.” मी म्हणायची, “आले.” आणि अर्धा तास जायची नाही. रोज. अकरा वर्षं. तो गेला त्या महिन्यात मी ते वाक्य लेओलेओत घातलं. माझ्याच फोनवर येईल असं. कोणाला त्रास नव्हता, मी तिथेच होते.

मग छातीचं दुखणं निघालं आणि मुलानं इथे आणलं. डॉक्टर आता विमानात बसू देत नाहीत. निघताना तो निरोप काढायला हवा होता. माझी नोकरी संपली होती, ते यंत्र माझं नव्हतं. मी काढला नाही. नुसता फोनचा क्रमांक बदलला. म्हणजे चोरदार ठेवलं, तुझा शब्द बरोबर आहे.

इथे शंख वाजत नाही रे. इथे साडेसहाला गाड्यांचा गोंगाट असतो, सून कामावर असते, पोरं टीव्हीपुढे. तुमचे पावणेसात म्हणजे इथले पावणेसहा. फोन थरथरला की मी टीव्ही बंद करायची आणि पोरांना चटईवर बसवायची. पाच वर्षं माझ्या घरची सा त्या एका ओळीवर चालली. सहा मार्चला ओळ आली नाही. सातला नाही. पोरं मला विचारायला लागली, आजी, आज थंड नाही का?

आपलं स्टेशन इथे इंटरनेटवर ऐकू येतं, पण मी लावत नाही. निरोपांच्या कार्यक्रमात फालानीकोची निधनवार्ता मी स्वतः लिहून दिली होती. तो कार्यक्रम कानावर पडला की मला तेच ऐकू येतं.

असो. त्या ओळी काढून टाक. बंद ठेवू नकोस, काढूनच टाक. तपासनिसाला खरं सांग आणि माझं नाव सांग. तुझ्या जागी मी असते तर मीही काढल्या असत्या, आणि त्या म्हातारीला चार शब्द सुनावलेही असते. मला वाईट वाटतं, ते वाटू दे. ठेवा वाचला पाहिजे.

सवड मिळाली तर थडग्याला पांढऱ्या रंगाचा एक हात दे. तो फार नीटनेटका माणूस होता.

आत्या


वाइमोआ
३ जून

आत्या,

थडगं रंगवलं. कोंबड्यांसाठी भोवती जाळी बांधली, आता त्या जाळीवर बसतात.

तपासनीस गेल्या आठवड्यात येऊन गेला. मी त्याला सगळं सांगितलं, तुमचं पत्र मात्र दाखवलं नाही. ते माझं आहे. त्यानं सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, निरोपाच्या ओळी जायला हव्यात, आणि जुना लेओलेओही जायला हवा, तो फार म्हातारा झालाय. नवा राखणदार येतोय, सगळ्या बेटांवर एकच. पहिली गोष्ट मला कबूल होती. दुसऱ्या गोष्टीवर मी म्हटलं, साडेसहापर्यंत थांबा. तो थांबला. पंखे उतरले. तो राजधानीत, अपियात, नोकरीला, पण मूळचा गावाकडचा माणूस. टोपी काढून खाली बसला.

जुना लेओलेओ शुक्रवारी बंद केला. बंद करताना मी खोलीत एकटा होतो आणि मला वाईट वाटलं, हे बायकोला सांगितलेलं नाही. नव्याला बारा मिनिटं शिकवलीत, आणि या वेळी वर नोंद लिहिलीय. “ही चूक नाही. भिंतीपलीकडे प्रार्थना चालू आहे. खोली आधी गार करा. तोडगा फालानीकोचा, काम मोएलांगीचं.” माझ्यानंतर जो येईल त्याचं डुक्कर वाचेल.

तुमची ओळ नव्यात घातलेली नाही. घालणारही नाही. यंत्रातून ती आता कोणाला जाणार नाही.

पण एक मागणं आहे. सोमवारी, अकरा तारखेला, आपलं स्टेशन लावा. तुमच्या पावणेसहाला. नको वाटेल, ठाऊक आहे. एकदाच लावा. चोराला एवढी शिक्षा तरी व्हायला हवी.

सेतेफानो


मांगेरे
१२ जून

मेल्या सेतेफानो,

तुला काही लाजलज्जा आहे का? काल संध्याकाळपासून माझा फोन थांबलेला नाही. मांगेरेतल्या, ओटारातल्या, पार सिडनीच्या बायका विचारताहेत, मोएलांगी, तुला जेवायला कोण बोलावतंय? जाडीनं तर तीनदा फोन केला.

पाचपासून मी त्या रेडिओपुढे घुटमळत होते. लावला, बंद केला, परत लावला. लुपेनं हात धरला आणि म्हणाली, आजी, मी लावते. तुमचा शंख ऐकू आला. मग पाद्रीबुवा, आणि प्रार्थनेमागे काही नाही, एकदम स्वच्छ. मी पोरांना बसवलं नव्हतं, ती आपली आपण बसली.

प्रार्थना संपली आणि निरोपांचा कार्यक्रम लागला. मी कान झाकणार होते, तेवढ्यात पाद्रीणबाईंचा आवाज आला. “वाइमोआ रेडिओतल्या सेतेफानोकडून, त्याच्या मांगेरेतल्या मोएलांगी आत्यांना. हा निरोप रोज वाचायला सांगितलाय. सगळं थंड आहे. ये जेवायला.” आणि वाचता वाचता ती बाई थांबली, बघ. तिलाही आठवला असणार तो.

आणि ती थांबली तेवढ्यात तिच्या मागे काहीतरी उठलं. हळू, मग जोरात. पातळ भिंतीतून माइकमध्ये.

लुपे म्हणाली, “आजी, तिकडे पाऊस आला का?”

“नाही गं,” म्हटलं, “पंखे वर चढताहेत. आपले पंखे.”

मग मी उठले, टीव्हीवर टेकवलेला फालानीकोचा फोटो हातात घेतला, आणि सगळ्या पोरांदेखत मोठ्यानं म्हटलं, “आले.”

आणि काल पहिल्यांदाच लगेच जेवायला गेले.

आत्या